चुकून आलेला डबल एक्स्पोजर: कारण शोधा आणि तोच फोटो मुद्दाम काढा

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर एकाच फ्रेममध्ये दोन चित्रं दिसली की लोक दोनपैकी एक चूक करतात. काही जण घाबरून कॅमेरा फॅक्टरी रीसेट करतात. काही जण फोटोवर खूश होतात आणि तसाच दुसरा यावा म्हणून दिसेल ते बटन दाबत सुटतात. दोन्हीचा परिणाम सारखाच होतो: कोणत्या सेटिंगमुळे ते घडलं याचा माग पुसला जातो.

फिल्मच्या कॅमेऱ्यात रीळ पुढे सरकलं नाही की त्याच तुकड्यावर दुसरं चित्र बसायचं. डिजिटल सेन्सर मात्र दर फोटोआधी रिकामा होतो. त्यामुळे इथे दोन चित्रं एकत्र यायला चारच वाटा आहेत. शटर दोन्ही क्षणांना उघडं होतं, किंवा कॅमेऱ्यातल्या प्रोसेसरने दोन फ्रेम जोडल्या, किंवा प्रकाश दोन रस्त्यांनी आत आला, किंवा कार्डावर फाइलींची सरमिसळ झाली. आधी वाट ओळखायची, मग ती मुद्दाम वापरायची. हा क्रम उलटा केला की दिवस वाया जातो.

## टप्पा १: काहीही बदलण्याआधी

१. पुढचा फोटो काढू नका. प्लेबॅकमध्ये इन्फो बटन दाबून शटर स्पीड, अ‍ॅपर्चर, आयएसओ, फ्लॅशचं चिन्ह आणि ड्राइव्ह मोड दिसेल ती स्क्रीन आणा आणि मोबाइलने तिचा फोटो काढा.

२. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या डायलांचाही फोटो काढा. हे कंटाळवाणं वाटतं, पण अर्धी प्रकरणं इथेच सुटतात. फुजीच्या एक्स-टी१ आणि एक्स-टी२ मध्ये आयएसओच्या डायलखाली ड्राइव्हचं कडं आहे आणि त्यावर मल्टिपल एक्स्पोजरची खूण आहे. आयएसओ बदलताना बोट थोडं खाली लागलं की कडं फिरतं आणि माणसाला पत्ताही लागत नाही.

३. शूटिंग मेनूची पानं एकेक करून मोबाइलमध्ये टिपा. मल्टिपल एक्स्पोजर, एचडीआर, फ्लॅश कंट्रोल आणि स्टॅबिलायझेशन या चार ओळी सुटू देऊ नका.

४. आता कॅमेरा बंद करा, कार्ड काढा, एसडी कार्डाच्या कडेची छोटी खिट्टी लॉककडे सरकवा आणि मगच ते रीडरमध्ये घाला. मायक्रोएसडीला खिट्टी नसते; ती अ‍ॅडॉप्टरला असते.

५. फक्त तो एक फोटो नको, अख्खं डीसीआयएम फोल्डर (कार्डावर फोटो असतात ते) कॉपी करा आणि मगच खिट्टी पुन्हा वर करा. त्या फोटोच्या आधीची आणि नंतरची फाइल निदानाला लागते.

सावधान: कॅमेऱ्यातलं किल्लीच्या चिन्हाचं ‘प्रोटेक्ट’ डिलीटपासून वाचवतं, फॉरमॅटपासून नाही. त्यावर विसंबून कार्ड फॉरमॅट केलं तर फोटो गेलाच.

## टप्पा २: शंभर टक्के झूम करून फोटो वाचा

कॅमेऱ्याच्या तीन इंची स्क्रीनवर सगळेच दुहेरी फोटो सारखे दिसतात. कॉम्प्युटरवर पूर्ण आकारात उघडा आणि दुसरं चित्र कुठे आहे, कसं आहे, किती फिकट आहे ते बघा.

दोन पूर्णपणे वेगळी दृश्यं, दोन्ही सुबक. आधी झाड, मग चेहरा, आणि दोन्ही फोकसमध्ये. हा मल्टिपल एक्स्पोजर मोड चालू राहिल्याचा प्रकार. खात्री करायची तर एक्झिफटूल नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा. कॅनॉन आणि निकॉनच्या फाइलीत त्याची स्वतंत्र नोंद असते. फाइलींचे क्रमांकही बघा. तुम्ही जितक्या वेळा शटर दाबल्याचं आठवतं त्यापेक्षा फोटो कमी भरले तर उत्तर मिळालं.

पार्श्वभूमी स्थिर, पण माणूस किंवा फांदी दोन-तीनदा. एचडीआर. एकदा बटन दाबल्यावर कॅमेरा लागोपाठ फ्रेम घेतो (कॅनॉनमध्ये तीन, निकॉनच्या बऱ्याच मॉडेलांत दोन) आणि त्या एकत्र करतो. मधल्या वेळात जे हललं ते दोनदा उमटतं. मोबाइलचा नाइट मोडही याच जातीचा. पॅनोरमात मात्र चालणारा माणूस दोनदा दिसतो तेव्हा तो पारदर्शक नसतो. दोन्हीकडे सबंध असतो, किंवा सांध्यावर कापलेला.

एक रेखीव माणूस आणि त्याच्याभोवती वाहता, फिकट माणूस. फ्लॅश आणि मंद शटर. फ्लॅशच्या क्षणिक उजेडात एक चित्र गोठतं आणि उरलेला वेळ खोलीतला उजेड दुसरं चित्र रंगवत राहतो. कॅनॉनच्या बऱ्याच मॉडेलांत एव्ही मोडवर (अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) अंधारात फ्लॅश लावला की मूळ सेटिंगनुसार शटर ३० सेकंदांपर्यंत मंद होऊ शकतं. निकॉनचा ए मोड, म्हणजे तेच काम करणारा मोड, त्याच परिस्थितीत सहसा १/६० पाशी थांबतो. स्लो सिंक (फ्लॅशसोबत मंद शटर) वेगळं निवडावं लागतं. लग्नाच्या मांडवात एकाच्या फोटोत भुतं आणि शेजाऱ्याच्या फोटोत नाहीत, याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

हलत्या वस्तूच्या अनेक सुट्या प्रतिमा, माळेसारख्या. हा दोष दिव्यांचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. स्वस्त एलईडी त्यामुळे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. १/१० सेकंदाच्या फोटोत असे दहा ठोके बसतात आणि फिरवलेला हात दहा तुकड्यांत येतो.

फक्त दिव्यांच्या प्रतिमा, त्याही उलट्या. लक्ष्मीपूजनाच्या फोटोत खाली पणत्या आणि वर काळोखात हिरवट, उलट्या ज्योती. ज्योतीपासून फ्रेमच्या मध्यबिंदूतून रेघ ओढा आणि तेवढीच पलीकडे न्या. तिथेच दुसरी ज्योत सापडली तर तो लेन्सपुढच्या यूव्ही फिल्टरचा प्रताप. सेन्सरवरून परतलेला प्रकाश फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो.

कडा तेवढ्या दुहेरी, चार-सहा पिक्सेलने. शटरचा धक्का किंवा ट्रायपॉडवर चालू राहिलेलं स्टॅबिलायझेशन. साधारण १/६० ते १/२०० या पट्ट्यात जास्त दिसतं. यातून कलाकृती होत नाही. मेनूतलं इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन (पडदा हलवण्याऐवजी सेन्सरच एक्स्पोजर सुरू करतो) लावा आणि विषय सोडा.

एकाआड एक ओळीत वेगळं चित्र, कंगव्यासारखं. हा जुन्या, सीसीडी जातीचा सेन्सर असलेल्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचा खास रोग आहे, आणि ते कॅमेरे सध्या पुन्हा हौसेने घेतले जातात, म्हणून जरा थांबून बघू. या सेन्सरांपैकी बरेच एकाच दमात वाचले जात नाहीत. आधी काही ओळी, मग उरलेल्या, असे दोन किंवा जास्त गट क्रमाने बाहेर काढले जातात. तेवढा वेळ काळोख हवा म्हणून यांत्रिक शटर मिटतं. ते चिकटून उघडं राहिलं तर पहिला गट वाचला जात असताना दुसऱ्या गटावर प्रकाश पडतच राहतो, आणि दोन गटांत दोन वेगळे क्षण उतरतात. उन्हात असा कॅमेरा पांढराफटक फोटो आणि उभ्या रेघा देतो. घरात, मंद उजेडात मात्र कधीकधी सुंदर भूत देतो.

अर्ध्यावरून चित्र तुटतं, रंग बदलतो, चौकोनी ठोकळे दिसतात. हे डबल एक्स्पोजर नव्हेच. जेपेगमध्ये प्रत्येक ठोकळ्याचा रंग आधीच्या ठोकळ्यापासूनच्या फरकाने लिहिलेला असतो. मध्ये एक जागा बिघडली की पुढचं सगळं त्या चुकीच्या रंगावर उभं राहतं. कार्ड मरणपंथाला लागलेलं असतं, किंवा डिलीट झालेले फोटो परत मिळवताना दोन फाइलींचे तुकडे जुळलेले असतात. फोटोरेकसारखी साधनं तुकडे ओळीने उचलतात, त्यामुळे विखुरलेल्या फाइलींत अशी सरमिसळ होऊ शकते. दिसायला छान असेल तर ती फाइल ठेवा, पण ते कार्ड पुन्हा कामाला घेऊ नका.

तपासणी: वरच्यापैकी दोन लक्षणं एकदम लागू होत असतील तर अंदाज बांधू नका, पुढची चाचणी करा. फिल्टरसोबत मंद शटर ही जोडी अजिबात दुर्मीळ नाही.

## टप्पा ३: पंख्याची चाचणी

निदान पक्कं करायला छताचा पंखा पुरतो. एका पात्यावर पांढऱ्या टेपचा बोटभर तुकडा चिकटवा (पंखा बंद करून, अर्थात), वेग सर्वांत कमी ठेवा, आणि दिवसा, खोलीतले दिवे बंद ठेवून कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा टेबलावर उताणा ठेवा.

१. सगळं बंद करा: मल्टिपल एक्स्पोजर, एचडीआर, फ्लॅश, स्टॅबिलायझेशन. फिल्टर काढा. मोड एम (सगळं हाताने), शटर १/२५०, उजेड पुरेल इतका आयएसओ. फोटो काढा. टेप एकच दिसली पाहिजे. इथेही दुहेरी आली तर दोष शटरमध्ये किंवा सेन्सरमध्ये आहे. पुढच्या पायऱ्या सोडा.

२. आता टप्पा १ मध्ये टिपलेल्या सेटिंगांपैकी एकच चालू करा. एक फोटो. परत बंद. मग दुसरं. दोन गोष्टी एकदम चालू करून ‘आला, आला’ म्हणणं ही इथली नेहमीची चूक.

३. फोटो वाचा. सुट्या दोन-तीन टेपा म्हणजे एचडीआर. एक रेखीव टेप आणि तिला जोडलेला फिकट पट्टा म्हणजे फ्लॅश अधिक मंद शटर. नुसताच पट्टा म्हणजे निव्वळ मंद शटर.

४. शेवटी खोलीतले एलईडी लावून १/१० वर एक फोटो. पट्टा तुटक झाला तर त्या दिव्यांचाही हात होता.

पंख्यावर काहीच घडलं नाही आणि मूळ फोटोत फक्त दिवे दुहेरी होते, तर अंधारात एक मेणबत्ती लावा. तिला फ्रेमच्या कोपऱ्यात ठेवून फिल्टरसह एक आणि फिल्टरविना एक असे दोन फोटो घ्या.

सावधान: चिकटलेलं शटर सोडवायला कॉम्पॅक्ट कॅमेरा उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा साठा असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

## टप्पा ४: मुद्दाम करायच्या आधी पाच गोष्टी पक्क्या करा

कारण कळलं, आता कॅमेरा हातात घ्यायची घाई होते. पण अपघातात जमलेला समतोल हातात यायला हवा असेल तर कॅमेऱ्याने स्वतःहून ठरवायच्या गोष्टी काढून घ्याव्या लागतात.

एक्स्पोजर एम मोडवर. आयएसओ ऑटो नको, १०० किंवा २०० वर बांधा. व्हाइट बॅलन्स एकाच आकड्यावर, नाहीतर एक चित्र पिवळं आणि दुसरं निळं होऊन दोन्ही भांडतात (तेच हवं असेल तर गोष्ट वेगळी, पण ते ठरवून करा). फोकस मॅन्युअल. सावल्या आपोआप उजळणारं जे काही फीचर असेल, कॅनॉनमध्ये ऑटो लाइटिंग ऑप्टिमायझर आणि निकॉनमध्ये अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग, ते बंद. याचं कारण पुढच्या टप्प्यात आहे: आपल्याला काळोख काळाच हवा.

## टप्पा ५: मेनूतलं मल्टिपल एक्स्पोजर

एक नियम पाठ करा, बाकी सगळं त्यातून निघतं: दुसरं चित्र पहिल्याच्या काळोखात उमटतं, पांढऱ्यात उमटत नाही. सेन्सरचा जो भाग पहिल्या फ्रेममध्ये पुरता पांढरा झाला, तिथे आणखी कितीही प्रकाश ओता, पांढऱ्यापुढे रंग नाही. जिथे काळं आहे ती कोरी पाटी.

### मिश्रणाची पद्धत निवडणं

कॅनॉनमध्ये अ‍ॅडिटिव्ह, अ‍ॅव्हरेज, ब्राइट आणि डार्क. निकॉनच्या नव्या मॉडेलांत अ‍ॅड, अ‍ॅव्हरेज, लायटन, डार्कन. नावं वेगळी, काम तेच.

अ‍ॅड किंवा अ‍ॅडिटिव्हमध्ये प्रकाशाची सरळ बेरीज होते, त्यामुळे प्रत्येक फ्रेम आधीच अंडर, म्हणजे कमी उजेडाची, घ्यावी लागते. दोन फ्रेमना प्रत्येकी १ स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), तिनांना दीड, चारांना २. आठ फ्रेम असतील तर ३. हे विसरल्यामुळे धुपलेले, दुधाळ फोटो येतात आणि दोष लेन्सला दिला जातो.

अ‍ॅव्हरेजमध्ये हा हिशेब कॅमेरा करतो. तुम्हीही वर १ स्टॉप कमी केलात तर फोटो काळवंडतो. जुन्या निकॉनमध्ये हेच काम ‘ऑटो गेन’ नावाने आहे. ते चालू असेल तर मीटर सांगेल तेच एक्स्पोजर ठेवा.

लायटन किंवा ब्राइट प्रत्येक पिक्सेलला दोन्हींतला उजळ तेवढा ठेवतं. काळ्या आकाशातला चंद्र, फटाके, आकाशकंदील यांच्यासाठी हेच घ्या आणि एक्स्पोजर कमी करू नका. डार्क त्याच्या उलट: पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या काळ्या आकृत्या जमवायला.

सुरुवात अ‍ॅडिटिव्हने करा असं आमचं मत आहे. अ‍ॅव्हरेज सोपं आहे, पण हिशेब हाताने केल्याशिवाय नियम अंगवळणी पडत नाही.

### आकृतीत पानं भरायची: पायरीने

१. मेनूत मल्टिपल एक्स्पोजर चालू, फ्रेम २, पद्धत अ‍ॅडिटिव्ह. कॅनॉनमध्ये ‘मूळ फोटोही जतन करा’ हा पर्याय घ्या, निकॉनच्या नव्या मॉडेलांत ‘सगळी एक्स्पोजर ठेवा’. यात कंजुषी करू नका. टप्पा ८ त्यावरच चालतो.

२. माणसाला ढगाळ, पांढऱ्या आकाशापुढे बाजूने उभा करा. कॅमेरा थोडा खालून, म्हणजे डोकं आणि खांदे आकाशात येतील. मागे गच्चीच्या टाक्या किंवा तारा नकोत. एक्स्पोजर आकाशावर मोजून मीटरपेक्षा १.५ ते २ स्टॉप वर घ्या. आकाश जेमतेम पांढरं, चेहरा शक्य तितका काळा.

इथेच बहुतेकांचं बिनसतं. आकाश अजून पांढरं केलं की चेहऱ्यावरही उजेड चढतो आणि पाटी कोरी राहत नाही. चेहऱ्यावर समोरची भिंत उजेड परतवत असेल तर माणसाला तिथून हलवा किंवा तिच्यापुढे काळी चादर धरा.

तपासणी: हिस्टोग्रॅमला (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) दोन ढीग हवेत, एक डाव्या कडेला, एक उजव्या कडेला, मधे जवळजवळ रिकामं. मधे टेकडी दिसली तर पुढची फ्रेम घेऊ नका, पुन्हा करा.

३. दुसरी फ्रेम: पानं, फुलं, जाळी, भिंतीचा पोत, काहीही, पण फ्रेमभर. गुलमोहराची नाजूक पानं फार बारीक पडतात, चेहऱ्यात धूळ वाटतात. वड, बदाम, कर्दळ अशी मोठी पानं नीट वाचता येतात. एक्स्पोजर मीटरप्रमाणे किंवा १ स्टॉप कमी. इथे दोन फ्रेमचा −१ चा नियम सैल चालतो, कारण पानं काळ्यावरच बसणार आहेत.

४. जुळवणी. लाइव्ह व्ह्यूमध्ये पहिलं चित्र फिकट दिसत असेल तर सोपं आहे. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये ते दिसत नाही. मग पहिली फ्रेम घेताना ग्रिड चालू ठेवा आणि नाक कोणत्या चौकोनात, डोक्याची कड कोणत्या रेघेवर, हे मोठ्याने म्हणा. म्हटलेलं लक्षात राहतं, नुसतं बघितलेलं नाही. पानांचा गर्द भाग डोक्याच्या जागी आणा.

५. दोन फ्रेमच्या मधे वेळ लावू नका. निकॉनच्या अनेक मॉडेलांत ३० सेकंद काही केलं नाही तर मल्टिपल एक्स्पोजर तिथेच संपतं आणि एका फ्रेमचाच फोटो बनतो. पानं आधी शोधून ठेवा, माणूस नंतर बोलवा. स्टँडबाय टायमर वाढवूनही थोडी सवड मिळते.

सावधान: आकृती काढायच्या नादात ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून थेट सूर्याकडे बघू नका.

काय बिघडतं ते थोडक्यात: पानं आकाशातही दिसली, तर आकाश पुरेसं पांढरं नव्हतं. पानं चेहऱ्यातही दिसली नाहीत, तर चेहरा काळा नव्हता किंवा पानं फार अंडर. चेहरा हिरवट धुक्यात, तर पानं फोकसबाहेर. मॅन्युअल फोकस माणसाच्या अंतरावरच राहून गेला.

सोनीच्या बहुतेक अल्फा मॉडेलांत हा मेनू नाही. त्यांनी पुढचे दोन टप्पे किंवा थेट टप्पा ८ घ्यावा.

## टप्पा ६: फ्लॅशचं भूत, ठरवून

लागेल ते: कॅमेऱ्यापासून सुटा धरता येणारा फ्लॅश, ट्रायपॉड, काळं कापड, अंधारी खोली.

१. माणूस फ्लॅशपासून २.२५ मीटरवर उभा करा. का? समजा फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, आयएसओ १०० ला ३६ मीटर आहे. पाव ताकदीवर तो निम्मा होतो, म्हणजे १८. एफ/८ साठी १८ भागिले ८, उत्तर २.२५ मीटर. तुमच्या फ्लॅशचा आकडा वेगळा असेल तर हाच भागाकार करा, आणि तो आकडा फ्लॅशच्या कोणत्या झूमवर दिलाय ते बघा.

२. काळं कापड माणसाच्या मागे आणखी तेवढ्याच अंतरावर. अंतर दुप्पट म्हणजे उजेड एक चतुर्थांश, दोन स्टॉप कमी. कापड भिंतीला चिकटवून माणूस त्याला टेकला की सुरकुत्या दोनदा उजळतात.

३. शटर १० सेकंद, एफ/८, आयएसओ १००. फ्लॅश न उडवता एक फोटो काढा.

तपासणी: हा फोटो पूर्ण काळा हवा. दाराखालची फट, मोबाइलची स्क्रीन, इन्व्हर्टरचा लाल दिवा, सगळं इथे कळतं.

४. फोकस उजेडात करून मॅन्युअलवर लॉक करा. अंधारात कॅमेरा फोकस शोधत बसतो आणि शटरच उघडत नाही.

५. शटर दाबा, फ्लॅशवरचं टेस्टचं बटन दाबून पहिला झोत. माणसाने मान वळवावी, मग दुसरा. समोरून आणि बाजूने असे दोन चेहरे एकमेकांवर येणार असतील तर दोन्ही झोत अर्ध्या ताकदीने कमी करा, म्हणजे पावऐवजी एक अष्टमांश. शेजारीशेजारी येणार असतील तर कमी करायची गरज नाही.

अपघातातलं वाहतं भूत हवं असेल तर कृती वेगळी. खोलीत एक मंद दिवा ठेवा, शटर १/४ ते १ सेकंद, फ्लॅश कॅमेऱ्यावर. फ्रंट कर्टनमध्ये फ्लॅश सुरुवातीला उडतो, म्हणून चालणाऱ्याचा माग त्याच्या पुढे पसरतो आणि तो उलटा चालल्यासारखा वाटतो. रिअर कर्टन निवडा, माग पाठीमागे येतो.

## टप्पा ७: काळ्या पुठ्ठ्याने एका एक्स्पोजरचे दोन

ट्रायपॉडला धक्का लागून जे फोटो आले त्यांची ही सुसंस्कृत आवृत्ती. मेनू लागत नाही, कोणत्याही कॅमेऱ्यावर चालते.

संधिप्रकाशात दृश्याला ८ सेकंद लागतील असं सेटिंग करा. दिवसा करायचं असेल तर ६ स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा काळसर) फिल्टर १/८ चे ८ सेकंद करतो. शटर उघडल्यावर मनात चार मोजा, लेन्सपुढे मॅट काळा पुठ्ठा धरा (लेन्सला टेकवू नका), ट्रायपॉडचं डोकं नवीन जागी फिरवा, पुठ्ठा काढा. पुठ्ठ्याआड गेलेला वेळ हिशेबातून जातो, म्हणून शटर बल्बवर (बटन दाबलेलं असेल तोवर उघडं) ठेवून उघडे सेकंद तेवढे मोजणं बरं. चार आणि चार म्हणजे दोन्ही चित्रं सारखी, प्रत्येकी १ स्टॉप कमी. सहा आणि दोन म्हणजे पहिलं मुख्य, दुसरं कुजबुज.

बाकावरचा पारदर्शक माणूसही याच हिशेबाने येतो: आठांपैकी चार सेकंद बसला तर निम्मा दिसेल. गडद कपडे उजळ बाकावर फार लवकर विरतात. त्याला पांढरा सदरा घालायला सांगा.

सावधान: डोकं फिरवताना ट्रायपॉडचे पाय ढिले होतात. आधी कोरडा सराव करा: कोणता स्क्रू, किती फिरवायचा, कुठे थांबायचं. अंधारात पहिल्यांदाच स्क्रू चाचपडणाऱ्याचे आठाचे वीस सेकंद होतात.

## टप्पा ८: कॉम्प्युटरवर जोडताना बेरीज कुठे करायची

मूळ फाइली ठेवल्या असतील तर मिश्रण पुन्हा करता येतं. लोक दोन जेपेग घेतात, अ‍ॅडिशन मोड लावतात आणि ‘कॅमेऱ्यासारखं होत नाही’ म्हणतात. होणारच नाही. प्रकाशाची बेरीज म्हणजे मोजलेल्या प्रकाशाची बेरीज. जेपेगमधले आकडे डोळ्याच्या सोयीने वाकवलेले असतात. मधला राखाडी, १८ टक्के प्रकाशाचा, जेपेगमध्ये सुमारे ११८ असतो. दोन राखाडींचा प्रकाश मिळवला तर ३६ टक्के होतो, जेपेगच्या भाषेत सुमारे १६२. पण ११८ आणि ११८ सरळ मिळवले तर २३६, जवळजवळ पांढरं. ‘स्क्रीन’ नावाचा मिश्रणाचा मोड मधे कुठेतरी, १८१ च्या आसपास पडतो, म्हणून तो बरा वाटतो.

१. शक्य असेल तर रॉ फाइली (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) एकाच सेटिंगने १६ बिट टिफमध्ये काढा. शार्पनिंग शून्य, ते शेवटी.

२. गिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये (२.१० किंवा पुढची आवृत्ती) दोन्ही फाइली लेयर म्हणून उघडा. वरच्या लेयरचा मोड अ‍ॅडिशन आणि त्याच लेयरचा ब्लेंड स्पेस लिनियर करा.

३. दोन्ही फ्रेम पूर्ण एक्स्पोजरच्या असतील तर जोडण्याआधी प्रत्येक १ स्टॉप खाली आणा. जोडून मग काळं करायला गेलात तर उडालेले हायलाइट परत येत नाहीत.

४. चेहऱ्यावर डोळ्याच्या जागी पान आलं असेल तर वरच्या लेयरला मास्क लावून मऊ ब्रशने २० ते ३० टक्क्यांनी पुसा. पूर्ण पुसलं की तिथे भोक पडल्यासारखं दिसतं.

फिल्टरच्या उलट्या ज्योती मुद्दाम हव्या असतील तर यातलं काही लागत नाही. फिल्टर परत लावा, पणत्या फ्रेमच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात आणि वर नुसता काळोख ठेवा. प्रतिबिंब नेमकं त्या काळोखात पडेल. वर पांढरी भिंत असेल तर ते आहेच, पण दिसणार नाही.

## टप्पा ९: कॅमेरा पूर्ववत करणं

मल्टिपल एक्स्पोजरमध्ये ‘एकदाच’ आणि ‘सतत’ असे दोन पर्याय असतात. ‘सतत’ निवडलं असेल तर तुम्ही बंद करेपर्यंत पुढचे फोटोही जोडीजोडीने एकमेकांवर बसू शकतात. काम संपल्यावर या क्रमाने परत या: मल्टिपल एक्स्पोजर बंद, फ्लॅश टीटीएलवर (ताकद आपोआप ठरते), शटर नेहमीच्या मोडवर, ऑटो आयएसओ आणि ऑटोफोकस हवे असतील तर चालू, स्टॅबिलायझेशन चालू.

मग दोन फोटो काढा: एक तुमच्या चपलांचा, एक छताचा. दोन्ही वेगळे आले तर कॅमेरा बॅगेत टाका. चपला छतावर दिसल्या तर परत मेनूत जा.